दात का हलतात? : एका शोधाचा इतिहास

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण दैवाविषयी आहे. पण तिच्या आडून एक समजूतही आपल्या मनात मुरली आहे. केस पिकावेत तसे वय झाले की दात पडायचेच, त्यात माणसाच्या हाती काही नाही, अशी ती समजूत. चाळिशी उलटते, हिरड्यांतून रक्त येऊ लागते, दात लांब दिसू लागतात, मग हलतात, आणि एखाद्या दिवशी भाकरीचा घास चावताना दात सुटून हातात येतो. घरातली माणसे म्हणतात, "वय झालं आता, चालायचंच."

वाचकहो, असा पडलेला दात कधी हातात घेऊन नीट पाहिला आहे काय? पुष्कळदा तो अगदी धड असतो. त्याला कीड नसते, खड्डा नसते, तडा नसतो. मग धडधाकट दात पडला कसा? याचे उत्तर दातात नाही. ज्या जमिनीत दात रोवलेला होता त्या जमिनीत ते आहे. खांब मजबूत असला तरी बुडाची माती गेली की तो डुगडुगू लागतो. तसेच इथे होते. दाताला चारही बाजूंनी धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजून खाली जाते, म्हणून दात हलतो.

आता प्रश्न असा की हे हाड नेले कोणी? ऐकायला प्रश्न साधा आहे. पण त्याचा छडा लावायला माणसाला तीनशेहून अधिक वर्षे लागली, आणि शेवटी जो सापडला तो बाहेरचा चोर नव्हता. त्या तपासाची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे. हकीकत जुनी असली तरी ती आपल्या रोजच्या सकाळशी जोडलेली आहे, हे शेवटी ध्यानात येईल.

रोग स्वतः फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दंतमूलाचे, म्हणजे दातांच्या मुळाशी होणारे, पंधरा रोग सांगितले आहेत. त्यांपैकी 'शीताद' नावाच्या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते आणि त्या मऊ पडतात. 'दंतवेष्ट' या रोगात पू आणि रक्त वाहते व दात हलू लागतात. दातांवर साचून दगडासारख्या कठीण होणाऱ्या किटणाला तिथे 'दंतशर्करा' असे नाव आहे. लक्षणे इतकी नेमकी टिपली आहेत की आजच्या डॉक्टरलाही रोग ओळखता यावा. कारण मात्र त्या काळच्या शास्त्राप्रमाणे कफ, रक्त वगैरेंच्या बिघाडात शोधले आहे. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढे त्या वैद्यांनी पाहिले. त्यापलीकडचे पाहण्यासाठी दुसरे डोळे हवे होते, आणि ते यायला बराच काळ जावा लागला.

हे दुसरे डोळे आले हॉलंडातून. डेल्फ्ट नावाच्या गावी अन्तोनी फान लेवेनहुक हा कापडाचा व्यापारी राहत असे. विद्यापीठाचे शिक्षण त्याच्याजवळ नव्हते. पण भिंगे घासून तयार करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. रोज सकाळी तो मिठाने दात घाशी. आपल्याकडच्या कितीतरी आजोबांची हीच रीत होती, नाही का? तरीही दातांच्या फटीत त्याला पांढरट, पिठासारखा चिकट थर दिसे. एकदा त्याने तो खरवडला, पावसाच्या पाण्यात कालवला आणि भिंगाखाली धरला. पाहतो तो त्यात बारीक जीव वळवळत होते, सुळकन पळत होते, भोवऱ्यासारखे फिरत होते. १६८३ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून ही नवलाची गोष्ट कळवली. ज्याने जन्मात कधी तोंड साफ केले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या दातांवरचा थरही त्याने तपासला. तिथे या जीवांची नुसती जत्रा भरलेली होती.

माणसाने तोंडातले जंतू पाहिले ते असे. पण ते पाहणे वेगळे आणि रोगाशी त्यांचे नाते ओळखणे वेगळे. या दोहोंमध्ये दोनशे वर्षे गेली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज नावाचा दंतवैद्य होता. १८४४ साली 'हसवणारा वायू' हुंगवून, दुखू न देता दात उपटण्याचा जो पहिला प्रयोग झाला, तो दात उपटणारा हाच रिग्ज. हलणारे दात सरसकट उपटून टाकू नयेत, दातांवरचे आणि हिरडीखालचे किटण नीट खरवडून काढले तर हिरड्या सुधारतात, असे तो सांगे व करून दाखवी. त्याच्या देशात लोक या रोगाला 'रिग्जचा रोग' म्हणू लागले. पुढे 'पायोरिया' हे नाव रूढ झाले आणि आपल्याकडेही ते खेड्यापाड्यांत पोचले.

१८९० साली विलोबी मिलर याने तोंडातील सूक्ष्म जंतूंवर मोठा ग्रंथ लिहिला. मिलर अमेरिकन, पण त्याचे काम बर्लिनमध्ये चालले. क्षयाचा जंतू, पटकीचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख त्याच शहरात होते. एका रोगाला एक जंतू, ही त्या काळाची हवा होती. तेव्हा पायोरियाचाही एखादा खास जंतू असणार म्हणून पुष्कळांनी शोध मांडला. पण तोंडात एक का जंतू आहे? तिथे शेकडो जातींचा बाजार भरलेला. प्रत्येकाच्या हाती वेगळा आरोपी लागे, आणि गुन्हा कोणावरच शाबीत होईना.

विज्ञानाच्या वाटेवर कधी कधी उतावीळपणाही होतो आणि त्याची किंमत साध्या माणसांना मोजावी लागते. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने कॅनडातील मॉन्ट्रिऑल येथे व्याख्यान दिले. संधिवात, पंडुरोग, पोटाचे विकार अशा अनेक दुखण्यांचे मूळ तोंडातील पुवात आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यात सत्याचा अंश होता. पण तो अंश धरून पुढची वीस-तीस वर्षे अनेक ठिकाणी दातांची कत्तल चालली. दुखणे कुठलेही असो, काढ दात! लोकांचे बत्तीसच्या बत्तीस दात गेले, आणि दुखणी मात्र बहुधा होती तिथेच राहिली. मूळ कारण पुरते कळण्याआधीच इलाज झपाट्याने पसरला की असे होते.

आता आपल्या कथेत दोन नवी पात्रे येतात. दोन्ही एकाच शतकातली, पण शंभर वर्षे त्यांची गाठ पडली नाही.

पहिले पात्र हाडातले. हाड म्हटले की आपल्याला दगड आठवतो. पण जिवंत माणसाचे हाड म्हणजे सदा दुरुस्ती चाललेला वाडा आहे. मोठ्या माणसाच्या शरीरातील हाडांचा सुमारे दहावा भाग दरवर्षी मोडून नव्याने बांधला जातो. हे पाडकाम करणाऱ्या मोठ्या, पुष्कळ केंद्रके असलेल्या पेशींना १८७३ साली आल्बर्ट फोन क्योलिकर या शास्त्रज्ञाने ऑस्टिओक्लास्ट असे नाव दिले. आपण त्यांना हाड मोडणाऱ्या पेशी म्हणू. या पेशी हाडाला जळवेसारख्या चिकटतात, आम्ल सोडून त्यातला चुना विरघळवतात आणि मागे खळगा ठेवतात. त्यांच्यामागून येतात त्या हाड घडवणाऱ्या पेशी. त्या गवंड्यासारखा तो खळगा भरून काढतात. पाडणारे आणि बांधणारे यांचा मेळ आहे तोवर वाडा शाबूत. पाडणारे वरचढ झाले की भिंत खचलीच म्हणून समजा.

दुसरे पात्र रक्तातले. १८८२ साली इटलीतील मेसिना या बंदराच्या गावी एल्या मेचनिकॉफ हा रशियन शास्त्रज्ञ राहत होता. ताऱ्यासारख्या आकाराचा जो सागरी जीव असतो, त्याची काचेसारखी आरपार दिसणारी पिल्ले त्याने घेतली आणि त्यांच्या अंगात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीरात परके काही शिरले की ते गिळून टाकायला धावणारे हे शिपाई. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच पलटणीतल्या. या शोधासाठी १९०८ साली त्याला पाउल एर्लिख यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. जखम सुजते, लाल होते, पू धरते, ही सारी या शिपायांच्या लढाईची खूण होय.

हाडाचा अभ्यास करणारे वेगळे, रक्ताचा अभ्यास करणारे वेगळे, आणि दात पाहणारे तर तिसरेच. शेजारी शेजारी घरे असून मधे उंच भिंती. हलणाऱ्या दाताचे कोडे मात्र या तीन घरांच्या मधल्या बोळात पडले होते.

विसाव्या शतकाच्या मध्याला हे कोडे आपल्या देशापर्यंत आले. १९६० साली जॉन ग्रीन यांनी भारतातील हिरड्यांच्या रोगाची पाहणी प्रसिद्ध केली. १९६१ साली सिगुर्ड रॅम्फियोर्ड यांनी मुंबईतील ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्यांची तपासणी मांडली. वय लक्षात घ्या. ही म्हातारी माणसे नव्हती, शाळकरी पोरे होती. तरीही हिरड्यांचा रोग त्यांच्यात सर्रास होता. असल्या पाहण्यांतून एक गोष्ट पुढे आली. जिथे दातांवर थर आणि किटण जास्त, तिथे रोग जास्त. 'वय झालं' या समजुतीला इथे पहिला मोठा धक्का बसला.

पण नाते दिसले म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे. ते सिद्ध केले डेन्मार्कमधील आरहूस गावी. १९६५ साली हाराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांची बारा माणसे निवडली. बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. त्यांना सांगितले, आजपासून दात घासायचे नाहीत. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग दात घासायला सांगितले, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत झाल्या. किती साधा प्रयोग! यंत्र नाही, औषध नाही. पण त्याने कायमचे ठरवून टाकले की हिरडी सुजते ती थरामुळे आणि बरी होते ती थर गेल्याने.

आता तुम्ही म्हणाल, मग संपलेच की! आरोपी सापडला. थर म्हणजे जंतू, आणि जंतूंनी हाड खाल्ले.

थांबा. याच ल्यो यांनी पुढे दुसरी पाहणी केली, आणि तिने हे सरळ उत्तर अडचणीत आणले. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांत काम करणारे ४८० पुरुष मजूर त्यांनी १९७० पासून पंधरा वर्षे पुन्हा पुन्हा तपासले. हे मजूर दात घासत नसत, आणि दातांच्या डॉक्टरची सोयही त्यांना नव्हती. सगळ्यांच्या दातांवर थर होता, किटण होते, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. जंतूच हाड खात असतील तर सगळ्यांचे हाड सारखेच जायला हवे होते. तसे झाले नाही. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात दिसते ते असे. शंभरातल्या सुमारे आठ जणांचे हाड झपाट्याने गेले आणि पंचेचाळिशी येईतो त्यांचे बहुतेक दात पडले. एक्याऐंशी जणांचे सावकाश गेले. आणि अकरा जणांच्या हिरड्या सुजलेल्या असूनही रोग तिथेच थांबला, पुढे सरकला नाही. एकच मळा, एकच राहणी, तोंडात तसलाच थर, आणि गती मात्र तीन तऱ्हांची. म्हणजे जंतूंखेरीज आणखी काहीतरी होते, आणि ते माणसामाणसाच्या शरीरात निराळे होते.

आणखी एक अडचण होती. रोगट हिरडीचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की जंतू दाताला चिकटलेल्या थरात दिसत, आणि झिजणारे हाड त्यापासून मिलिमीटर-दोन मिलिमीटर दूर असे. चोर अंगणात आणि घरातली भिंत आपोआप खचते आहे, असा हा प्रकार. हाडाला भिडलेल्या कोण होत्या? आपल्याच हाड मोडणाऱ्या पेशी. त्यांना हुकूम कोणी दिला?

या प्रश्नाचे पहिले उत्तर १९७२ साली अमेरिकेत जॉन हॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या आणि त्यांना दातांवरच्या थरातील द्रव्ये दाखवली. नंतर पेशी बाजूला काढून भोवतालचे नुसते पाणी हाडाच्या बारीक तुकड्यावर घातले. हाड विरघळू लागले! त्या पाण्यात जंतू नव्हते, पांढऱ्या पेशीही नव्हत्या. होता तो पांढऱ्या पेशींनी सोडलेला एक रासायनिक निरोप. १९८५ साली त्या निरोपातले मुख्य द्रव्य ओळखू आले. इंटरल्युकिन नावाच्या कुळातले ते होते, आणि अंगात सूज व ताप आणणारे म्हणून शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक होते. रक्त आणि हाड या दोन घरांमधल्या भिंतीला इथे पहिली खिडकी पडली.

दुसरी खिडकी डोनाल्ड वॉकर यांनी उघडली. काही उंदीर असे जन्मतात की त्यांची हाडे मोडलीच जात नाहीत, घट्ट दगड बनून राहतात. १९७५ साली वॉकर यांनी दाखवून दिले की अशा उंदरांना निरोगी उंदराच्या अस्थिमज्जेतील पेशी दिल्या तर हाड मोडण्याचे काम सुरू होते. याचा अर्थ असा की हाड मोडणाऱ्या पेशी हाडाच्या मूळच्या रहिवासी नाहीतच. त्या रक्ताच्या वंशातल्या आहेत. पांढऱ्या पेशी आणि हाड मोडणाऱ्या पेशी म्हणजे एकाच घराण्यातली भावंडे. आता निरोप इतक्या सहज का पोचतो, ते कळू लागले.

तिसरा दुवा जपानमध्ये सापडला. १९८८ साली तात्सुओ सुदा यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की हाड घडवणाऱ्या पेशी जवळ असल्या तरच हाड मोडणाऱ्या पेशी तयार होतात. म्हणजे पाडकामाची परवानगी गवंड्याच्या हातून जाते. ती परवानगी म्हणजे नेमके काय, याचा शोध पुढची दहा वर्षे चालला. १९९७ आणि १९९८ या दोन वर्षांत अमेरिकेतील आणि जपानमधील वेगवेगळ्या प्रयोगशाळांत तो एकदमच लागला. जपानमधली प्रयोगशाळा होती एका दूधकंपनीची, स्नो ब्रँड हिची. दुधाचा धंदा करणाऱ्यांनी हाडाचे इतके मोठे कोडे सोडवावे, याचे आपल्या दूध उत्पादक गावांना कौतुक वाटायला हरकत नाही.

सापडलेली द्रव्ये दोन. एक रँक-एल. हा पाडकामाचा हुकूम. तो पोचला की रक्तातल्या कोवळ्या पेशी एकत्र येऊन हाड मोडणारी पेशी बनते. दुसरे ऑस्टिओप्रोटेजेरिन. हा त्या हुकमाला वाटेतच अडवणारा पहारेकरी. निरोगी हाडात हुकूम आणि पहारा यांचा तोल असतो. हिरडी दीर्घकाळ सुजली की तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी, त्यांतही टी पेशी, स्वतःच हुकूम सोडू लागतात, शिवाय आजूबाजूच्या पेशींनाही तो सोडायला लावतात. पहारा कमी पडतो. हाड जाते.

याचा पक्का पुरावा २००० साली कॅनडातून आला. ज्या उंदरांना स्वतःची प्रतिकारशक्ती नव्हती त्यांना हिरड्यांचा रोग असलेल्या माणसांच्या पांढऱ्या पेशी दिल्या आणि तोंडात त्या रोगाचे जंतू सोडले. उंदरांच्या जबड्याचे हाड झिजले. मग काही उंदरांना तो पहारेकरी टोचला. जंतू होतेच, पांढऱ्या पेशीही होत्या, तरीही हाड पुष्कळसे वाचले. तपास पुरा झाला. थर लावला जंतूंनी, हुकूम सोडला प्रतिकारशक्तीने, आणि हाड मोडले आपल्याच हाडातल्या पेशींनी. आपल्या भाषेत बोलायचे तर कुंपणानेच शेत खाल्ले.

मळ्यातल्या मजुरांची गतीही आता उलगडू लागते. प्रत्येकाच्या शरीराचा शिपाई एकाच मापाचा चिडत नाही. जन्मजात ठेवण, मधुमेह, तंबाखू या सगळ्यांनी त्या चिडण्याची मात्रा बदलते.

पण कुंपणाला दोष देऊन मोकळे होणे बरे नव्हे. काही मुले जन्मतःच अशी असतात की त्यांच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीत पोचूच शकत नाहीत. शिपाई नाही म्हणून हाड वाचले, असे होते काय? मुळीच नाही. त्या मुलांचे दात तर लहानपणीच हलू लागतात. म्हणजे शिपाई फार चिडला तरी हाड जाते, आणि मुळीच आला नाही तरीही जाते.

मग शरीर हे असे का करते? २०१८ साली तोक्योमधील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून एक विचार मांडला. हाड मोडायला लावणाऱ्या टी पेशीच जंतूंना अंगात पसरण्यापासून रोखतही असतात, आणि दात निघून गेला की तिथली सूज शमते. खेड्यात कडब्याच्या गंजीला आग लागली तर माणसे काय करतात? शेजारच्या गोठ्याचे छप्पर घाईघाईने उतरवतात. छपराचे नुकसान होते, पण आग घरापर्यंत जात नाही. शरीराचा हिशेब काहीसा असाच दिसतो. दात गेला तरी चालेल, जंतू आत जाता कामा नयेत. जंतूंचे घर म्हणजे तो थर. ते घर हलत नाही असे दिसल्यावर शरीर आपली जमीन सोडून मागे सरते.

तेव्हा या साऱ्या इतिहासातून आपण घ्यायचे काय?

पहिली गोष्ट. हिरडीची सूज आणि हाडाची झीज या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सूज परत फिरते, आरहूसच्या विद्यार्थ्यांची फिरली तशी. गेलेले हाड मात्र आपल्या आपण पुन्हा पूर्वीसारखे भरत नाही. म्हणून घासताना रक्त दिसले की तोच वेळ जागे होण्याचा. अनेक माणसे रक्त येते म्हणून घासणेच सोडतात. हे उलटे झाले. रक्त म्हणते की इथे थर राहिला आहे. मऊ ब्रशने, हलक्या हाताने, दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या रेषेवर घासावे. रात्री जेवणानंतर तर चुकवू नये.

दुसरी गोष्ट. डॉक्टरकडून दात साफ करून घेतले की दात हलतात, असा आपल्याकडे पक्का ग्रह आहे. खरे असे असते की हाड आधीच गेलेले असते आणि किटणाच्या दगडाने दात जखडल्यासारखे वाटत असतात. दगड निघाला, सूज उतरली की आधीपासूनचा सैलपणा जाणवतो. कठीण किटण ब्रशने निघत नाही, ते काढूनच घ्यावे लागते. रिग्ज हे दीडशे वर्षांपूर्वी सांगत होता.

तिसरी गोष्ट मशेरीची. आपल्या बायाबापड्या दात स्वच्छ होतात म्हणून भाजलेली तंबाखू हिरड्यांना चोळतात. तंबाखू शिपायांची शिस्त बिघडवते, हिरडीला इजा करते, आणि तिच्यातून तोंडाच्या कर्करोगाची वाट उघडते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर पुष्कळदा रक्तही येत नाही, आणि आतल्या आत हाड जात राहते. धोक्याची घंटाच बंद पाडल्यासारखे हे आहे. मधुमेह असणाऱ्यांनी हिरड्यांकडे दुप्पट लक्ष द्यावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरणे जड जाते.

कोणी विचारील, हुकूम अडवणारे औषध नाही का? रँक-एलला अडवणारे डेनोसुमॅब नावाचे औषध २०१० पासून हाडे ठिसूळ होण्याच्या रोगावर दिले जाते. पण ते हिरड्यांच्या रोगाचे औषध नव्हे. उलट ते घेणाऱ्या काही रुग्णांत जबड्याचे हाड मरण्याचा त्रास दिसला आहे, म्हणून दाताचे काम करण्याआधी त्यांनी डॉक्टरला ते सांगावे लागते. शिपायाला बांधून ठेवणे सोपे नाही आणि शहाणपणाचेही नाही. त्याला चिडवणारा थर रोज काढून टाकणे, हाच आजही सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. जगातील एक अब्जाहून अधिक माणसांना हा रोग तीव्र स्वरूपात आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अंदाज सांगतो. त्यांतल्या बहुतेकांना बरे करायला लागणारे पहिले हत्यार किती साधे आहे, पाहा.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. मुंबईतल्या त्या पाहणीतली मुले अकरा ते सतरा वर्षांची होती, म्हणजे तुमच्याच वर्गातल्या वयाची. वर्गात एक आरसा ठेवा. मुलांना आपापल्या हिरड्या पाहू द्या. निरोगी हिरडी घट्ट असते, दाताला बिलगलेली असते, आणि घासल्यावर रक्त येत नाही, एवढे त्यांना ओळखता आले तरी पुरे. लेवेनहुकच्या म्हाताऱ्याची आणि चहामळ्यातल्या मजुरांची गोष्टही त्यांना सांगा. मुले ती घरी जाऊन सांगतील, आणि घरातला एखादा मोठा माणूस "वय झालं" म्हणण्याआधी एकदा दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येईल.